स्पेनच्या मंडया: बाजार जुना, छप्पर नवं आणि जमीन मठाची

स्पेनची ट्रिप म्हटली की बार्सिलोनाची बोकेरिया मंडई यादीत असतेच. टूरवाल्यांच्या कागदावर तर तासाभराचा वेळ ठरवून दिलेला असतो, आणि त्या तासात बहुतेक सगळे तेच करतात, म्हणजे कापलेल्या फळांचा कप घ्यायचा, लाल-पिवळा ज्यूस घ्यायचा, वरून लटकणाऱ्या डुकराच्या तंगड्यांचा (म्हणजे हामोनचा) फोटो काढायचा आणि मागच्या गर्दीचा धक्का लागायच्या आत बाहेर पडायचं. करा की, मजा येते. पण बघून आलेल्यांशी बोललं की जाणवतं, लोकांना वाटतं ही मंडई शेकडो वर्षं अशीच, इथेच, ह्याच छपराखाली भरत आलीय. तसं नाहीये. बाजार खरंच जुना आहे, पण मंडईची इमारत हा तिकडे एकोणिसाव्या शतकातला नवा, सुधारकी, पालिकेचा उद्योग होता, आणि त्या उद्योगाला गावाच्या मध्यात जागा कशी मिळाली ती गोष्ट थोडी जाळपोळीची आहे. गाइड ती सांगतात पण दोन वाक्यांत उरकतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी बाजार. बोकेरियाचा पहिला उल्लेख १२१७ सालचा मानतात, शहराच्या वेशीपाशी टेबलं टाकून मांस विकायचे त्याचा. वेशीपाशीच का, तर जकात. माल तटाच्या आत न्यायचा तर कर भरा, मग त्यापेक्षा बाहेरच टेबल टाकलेलं बरं, हे गणित आपल्या माणसाला वेगळं समजवायला नको, जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा आपण सगळ्यांनी बघितल्यात. आजचा रांबला हा जो झाडांचा प्रसिद्ध रस्ता आहे तो तेव्हा तटाबाहेरचा ओढा होता, पावसाळी पाणी वाहून नेणारा, आणि त्याच्या काठाला हे कसाई, शेतकरी, कोंबड्यावाले बसायचे. छप्पर वगैरे काही नाही. शतकानुशतकं नाही.

दक्षिणेत आणि व्हॅलेन्सियाकडे गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे आधी मुसलमान राजवटी होत्या आणि त्यांच्या शहरांत बाजाराची शिस्त फार पक्की होती. वजनं-मापं तपासणारा, भेसळ पकडणारा, भाव बघणारा एक अधिकारी असायचा, मुहतसिब. आराघोनचा राजा जाउमे पहिला ह्याने १२३८ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकलं, मशिदींची चर्च झाली, पण हा बाजाराचा अधिकारी मात्र ख्रिस्ती राज्यातही तसाच चालू ठेवला, फक्त नेमणूक बदलली. चांगली चालणारी गोष्ट कोण बंद करतंय! तिथल्या शेतातले पाट, भात, संत्रीलिंबं, हेही त्याच काळातून आलेलं. आज पाएया म्हणून जो भात जगभर खपतो त्याचा तांदूळ व्हॅलेन्सियाजवळच्या अल्बुफेरा सरोवराच्या काठी पिकतो, आणि तिथली भातशेती अरबांच्या काळापासूनची.

मग अमेरिका. १४९३ च्या वसंतात कोलंबस परत आला तेव्हा राजा-राणीला भेटला तो बार्सिलोनातच, आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, कोको असं सगळं हळूहळू ह्या बाजारांत उतरलं. आपल्या ताटातली मिरचीही त्याच लाटेतली, फक्त ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यामार्गे आली. त्यामुळे बोकेरियात वाळक्या मिरच्यांच्या माळा बघून "अरे ह्यांच्याकडे पण?" असं वाटतं तेव्हा क्रम उलटा आहे हे लक्षात ठेवायचं, त्यांच्याकडे आधी पोचली. तिखटपणा मात्र त्यांनी बराचसा काढून टाकला, तो उद्योग आपण त्यांच्या वतीने पूर्ण केला.

आता मुख्य भाग. १८३० चं दशक स्पेनमध्ये भयंकर होतं. गादीवरून यादवी युद्ध चालू होतं, एका बाजूला उदारमतवादी आणि दुसऱ्या बाजूला गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉन कार्लोसचे लोक, आणि चर्चमधले बरेच पाद्री कार्लोसच्या बाजूचे आहेत असा संशय. त्यात १८३४ ला कॉलरा आला. माद्रिदमध्ये अफवा उठली की भिक्षूंनी पाण्यात विष घातलं, आणि जमावाने मठांत घुसून भिक्षूंना मारलं. पुढच्या वर्षी २५ जुलै १८३५ ला बार्सिलोनात बैलांची झुंज होती आणि बैल निघाले एकदम मरतुकडे. लोक चिडले, रिंगणात सामान फेकलं, एका बैलाला दोर बांधून शहरातून ओढत नेलं, आणि संध्याकाळपर्यंत तो राग मठांवर गेला. त्या रात्री शहरातले कितीतरी मठ पेटले. बैल वाईट निघाले म्हणून मठ जळले, असं तिथे अजून गंमतीने म्हणतात, अर्थात बैल हे निमित्त होतं, दारूगोळा आधीच भरलेला होता.

जळलेल्यांत रांबलाला लागून असलेला सान जोसेपचा कार्मेलाइट मठ होता. १८३६ मध्ये मेंदिसाबाल ह्या पंतप्रधानाने मठांच्या जमिनी सरकारजमा करून विकायचा कायदा आणला, सरकारला युद्धाचा खर्च भागवायला पैसा हवा होता, आणि एकदम दाट वस्तीच्या शहरांच्या ऐन मध्यात मोठ्याच्या मोठ्या रिकाम्या जागा तयार झाल्या. तट अजून पडलेले नव्हते, माणसं एकमेकांच्या अंगावर राहत होती, रस्त्यात बाजार, रस्त्यातच घाण. पालिकांनी डोकं लावलं आणि त्या जागांवर मंडया काढल्या. बोकेरियाचं काम १९ मार्च १८४० ला सुरू झालं, तो सान जोसेपचा सणाचा दिवस, म्हणून तिचं कागदोपत्री नाव आजही सान जोसेपची मंडई असंच आहे. मठ गेला, संत राहिला.

आणि ह्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे मंडई बांधायची नव्हतीच! तिथे चारी बाजूंनी खांबांचा भारदस्त चौक करायचा होता, बड्या लोकांच्या घरांचा, आणि मधल्या मोकळ्या जागेत विक्रेत्यांना तात्पुरतं बसवलं होतं. तात्पुरतं म्हणजे काय होतं ते आपल्याला माहितीये. ते उठलेच नाहीत. ते दगडी खांब आजही मंडईच्या कडेने उभे आहेत, आत शिरल्यावर ज्यूसकडे न बघता बाजूला बघितलंत तर दिसतात, आणि त्यांचा मधल्या लोखंडी छपराशी काही मेळ बसत नाही कारण ते छपरासाठी बांधलेच नव्हते. धातूचं छप्पर आलं थेट १९१४ मध्ये. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही प्रसिद्ध मंडई उघड्यावरच, ताडपत्र्यांखाली भरत होती. प्रवेशाची जी रंगीत काचांची कमान सगळ्यांच्या फोटोत असते तीही साधारण त्याच काळातली.

बार्सिलोनातली दुसरी मंडई सांता कातेरिना, ती १८४८ ची, आणि तीही मठाच्याच जागेवर, डोमिनिकन मठाच्या. बोकेरियाच्या आधी छप्पर मिळालेली ती पहिली. पर्यटक कमी जातात, कॅथेड्रलपासून चालत पाच-सात मिनिटं, पण छप्पर बघायला जरूर जा. एन्रिक मिरालेस आणि बेनेदेत्ता ताल्याबुए ह्या आर्किटेक्ट जोडप्याने ते लाटांसारखं वळणावळणाचं छप्पर केलं, वर फळं-भाज्यांच्या रंगांच्या लाखो षटकोनी टाइल्स. मिरालेस २००० मध्येच वारले, मंडई २००५ ला उघडली. मागच्या बाजूला खोदकामात सापडलेले जुन्या मठाचे अवशेष काचेआड ठेवलेत.

माद्रिदची कथा जरा आधी सुरू होते आणि तिथे खलनायक (किंवा नायक, कोणाला विचाराल त्यावर) नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्ट. १८०८ ला भावाने त्याला स्पेनच्या गादीवर बसवलं आणि ह्याने माद्रिदच्या गल्लीबोळांतली चर्चं आणि मठ पाडून चौक काढायचा सपाटा लावला, इतका की लोकांनी त्याचं नाव चौकवाला पेपे पाडलं. सान मिगेल चर्च १८०९ मध्ये असंच गेलं, रिकाम्या चौकात बाजार बसायला लागला, आणि आपण आज बघतो ती लोखंड आणि काचेची देखणी सान मिगेल मंडई आल्फोन्सो दुबे ह्या आर्किटेक्टने बांधून १९१६ ला उघडली. प्लाझा मायोरच्या अगदी शेजारी.

सेव्हिया तर ह्या बाबतीत कहर आहे. तिथली एन्कार्नासियोन मंडई मठाच्या जागेवर, हेही फ्रेंचांनीच पाडलेलं. ती मंडई अर्धी १९४८ ला आणि उरलेली १९७३ ला पाडली, मग पार्किंगसाठी खणायला घेतलं तर खाली रोमन घरं आणि मोझेकच्या फरश्या निघाल्या. आज तिथे लाकडाच्या प्रचंड छत्र्या उभ्या आहेत, २०११ च्या, लोक त्यांना मश्रूम म्हणतात. खाली म्युझियम, मध्ये मंडई, वर फिरायला गच्ची. नदीपलीकडे त्रियानाची मंडई आहे ती सान होर्हेच्या किल्ल्यावर बसलीय, आणि ह्या किल्ल्यात १४८१ पासून स्पॅनिश इन्क्विझिशनचं (म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं) मुख्यालय आणि तुरुंग होता. किल्ला मोडकळीला आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बाजार भरवला. आता तळघरात ते अवशेष बघायला मिळतात आणि डोक्यावर कोळंबी आणि टोमॅटो विकले जातात. गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल आपण वाचलेलं असतं, १५६० चं पोर्तुगीज, त्याच्या ह्या स्पॅनिश मोठ्या भावाचं घर मासळी बाजाराखाली आहे हे बघून जरा चमत्कारिक वाटतंच.

मालागात आणखी वेगळं. तिथे चर्च नाही, मुसलमान सुलतानांची जहाजं बांधायची गोदी होती, चौदाव्या शतकातली. कितीतरी काळ ती कोठार, लष्करी जागा अशी कशीबशी वापरली, शेवटी १८७० च्या दशकात होआकिन रुकोबा ह्याने तिथे लोखंडी मंडई बांधली. गोदीच्या सात कमानींपैकी एकच शिल्लक होती ती त्याने पाडू दिली नाही, दगड न दगड उचलून मंडईचं मुख्य दार केलं. घोड्याच्या नालेसारखी संगमरवरी कमान, वर अरबी अक्षरांत सुलतानांचं ब्रीद, विजयी फक्त ईश्वर. त्याच्याखालून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन जातात. स्पेनमध्ये एकच मंडई बघायला वेळ असेल तर मी बोकेरियाच्या आधी हिचं नाव घेईन, भांडायला या.

लोखंडाचं हे वेड आलं पॅरिसहून. १८५० च्या दशकात पॅरिसच्या मध्यवर्ती मंडईचे काच-लोखंडाचे मंडप उभे राहिले आणि सगळ्या जगातल्या पालिकांना तसंच हवं झालं. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८६९ चं, म्हणजे बार्सिलोनाच्या पहिल्या लोखंडी मंडईच्या, एल बॉर्नच्या, सात वर्षं आधीचं. पुण्याची मंडई १८८६ ची. कारणंही तीच सगळीकडे, कॉलऱ्याची भीती, पाणी, गटार, हवा, आणि हिशोब. हो, हिशोब, कारण रस्त्यावर विखुरलेल्या हजार बायकांकडून कर गोळा करण्यापेक्षा एका छपराखाली नंबर टाकलेल्या गाळ्यांकडून घेणं किती सोपं. विक्रेत्यांना हे कळत नव्हतं असं नाही. जुलै १८९२ मध्ये माद्रिदच्या पालिकेने नवा कर लावला तर भाजीवाल्या बायका रस्त्यावर उतरल्या, दगडफेक झाली, शहर बंद पडलं आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. शहरात येणाऱ्या खाण्यापिण्यावरची जकात स्पेनमध्ये इतकी बदनाम होती की प्रत्येक बंडात तिची नाकी आधी जळायची, ती रद्द करायचा कायदा झाला १९११ ला.

ह्या बायकांबद्दल थोडं थांबायला हवं. बार्सिलोनाच्या मंडयांत गाळ्यावर बसणाऱ्यांत बाया पहिल्यापासून खूप, आणि गाळ्याचा परवाना आईकडून लेकीकडे जायचा. जागा पालिकेची, धंदा घरचा. मला वाटतं ह्या मंडया टिकल्या त्यामागे वास्तुकला वगैरे नंतर, हे कारण आधी. मालकी पालिकेची असल्यामुळे बिल्डरला विकता येत नाही, आणि परवाना घरात राहतो म्हणून पुढची पिढी पण बसते. आजही मासळीच्या गाळ्यावर मोत्याचे कानातले घालून, केस नीट सेट करून, हातात हा एवढा सुरा घेऊन बसलेल्या आज्या दिसतात, त्यांच्याशी भावाची घासाघीस करायची नाही. होत नाही तिथे. आणि फळाला हात लावायचा नाही, तीच उचलून देणार.

व्हॅलेन्सियाची मेर्कादो सेंत्राल ही ह्या सगळ्या लोखंडी पिढीतली शेवटची आणि सगळ्यात नटवी. तिच्या आधी तिथे १८३९ ची उघडी मंडई होती, तीही, आता अंदाज आलाच असेल, पाडलेल्या मठाच्या जागेवर. ती अपुरी पडली म्हणून १९१४ ला नवीन काढायला घेतली आणि पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं, राजा आल्फोन्सो तेरावा उद्घाटनाला आला. आठ हजार चौरस मीटरच्या वर, मध्ये तीसेक मीटर उंच घुमट, टाइल्सवर संत्री आणि भाज्या, आणि शिखरावर वारा दाखवणारा धातूचा पोपट. समोरच्या सान हुआन चर्चवरही एक पक्षी आहे, आणि त्या दोघांवरून व्हॅलेन्सियात खूप विनोद चालतात कारण मंडईतल्या बडबडीला हा पोपट शोभतो. चर्चवरच्या पक्ष्याची आख्यायिका मात्र वाईट आहे: डोंगराकडची गरीब माणसं पोराला घेऊन बाजारात यायची, वर बघ तो पक्षी, आत्ता उडेल, असं सांगायची आणि पोरगं वर बघत असताना निघून जायची, म्हणजे ते शहरात कुणाच्या तरी दुकानात कामाला लागेल. शेजारीच रेशीम व्यापाऱ्यांची लोन्हा (म्हणजे सौदे करायची इमारत) आहे, पंधराव्या शतकातली, युनेस्कोच्या यादीत १९९६ पासून. तीनही गोष्टी एका चौकात.

पुढचा काळ भराभर सांगतो. १९३६ ते ३९ यादवी युद्ध, मग हुकूमशहा फ्रँको, आणि १९५२ पर्यंत रेशनकार्ड. मंडईत गाळे होते पण गाळ्यावर माल नव्हता, तेल, साखर, पीठ सगळं काळ्या बाजारात. मग साठच्या दशकात पैसा आला, फ्रीज आले, घाऊक बाजार शहराबाहेर हलले. १९७३ मध्ये बार्सिलोनाजवळ एल प्रातला देशातलं पहिलं हायपरमार्केट उघडलं. बाकी युरोपात तोवर मंडया धडाधड पडत होत्या, पॅरिसची तर पडलीच. स्पेन ह्या बाबतीत उशिरा पोचला, आणि उशिराचा फायदा झाला. एल बॉर्नचा घाऊक बाजार १९७१ ला बंद झाला, इमारत पाडायचं चाललं होतं, शेजारपाजारचे लोक अडून बसले. मग तिथे लायब्ररी करायची ठरली तर २००२ च्या सुमारास खाली १७१४ मध्ये स्पेनच्या राजाच्या फौजेने वेढा घालून शहर घेतलं त्यानंतर पाडलेल्या वस्तीचे रस्ते, घरं, विहिरी निघाल्या. लायब्ररी राहिली बाजूला, २०१३ पासून ते स्मारक आहे.

आणि पर्यटक. १९९२ च्या ऑलिंपिकनंतर बार्सिलोनाला जी गर्दी लोटली ती थांबलीच नाही. बोकेरियाच्या पुढच्या भागातले गाळे हळूहळू ज्यूस, कोन, तळलेले मासे असे हातात धरून खायच्या मालाकडे वळले, कारण पर्यटक अख्खा मासा घेऊन हॉटेलात काय करणार? २०१५ मध्ये पालिकेने शुक्रवार-शनिवारी सकाळच्या वेळात पंधराच्या वरच्या टूर ग्रुप्सना बंदी घातली. माद्रिदच्या सान मिगेलने तर २००९ मध्ये भाजीचा नादच सोडला, आता तिथे सगळं तापास (म्हणजे छोट्या छोट्या डिशेस) आणि वाइन, दाखवायला सुंदर, पण तिथे कुणी घरचा बटाटा घेत नाही. ह्याला मंडई म्हणायचं की फूड कोर्ट, तुमचं तुम्ही ठरवा, माझं ठरलेलं आहे.

बार्सिलोनात पालिकेच्या अशा चाळीसेक मंडया आहेत आणि बहुतेकांत अजूनही आसपासचेच लोक येतात. सान आंतोनी बघा, १८८२ ची, क्रॉससारख्या आकाराची, नऊ वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ ला उघडली, रविवारी बाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. जाताना सकाळी जा, वस्तीतल्या बऱ्याच मंडया दुपारी दोन-तीनला आटोपतात आणि रविवारी बंद. सोमवारी मासळीचे गाळे अर्धे रिकामे असतात कारण रविवारी होड्या जात नाहीत. शाकाहारी असाल तर खारवलेल्या कॉडच्या आणि हामोनच्या रांगा ओलांडून ऑलिव्ह, मँचेगो चीज, बदाम, अंजीर आणि व्हॅलेन्सियात चुफा ह्या कंदाच्या गाठींचं थंडगार पेय ओर्चाता, एवढ्यावर दिवस मजेत जातो. आणि गाळ्यासमोर रांग दिसली नाही म्हणून थेट पुढे घुसू नका, रांग आहे, फक्त दिसत नाही: नवीन आलेला माणूस मोठ्याने विचारतो, शेवटचं कोण, एखादी बाई हात वर करते, आणि तिच्यानंतर आपला नंबर.